दहा बिटांपुरता भरवसा

आर्डुइनो ऊनो हा बोर्ड हातात घेतला की नजर जाते ती अठ्ठावीस पायांच्या लांबट काळ्या चिपवर. ॲटमेगा ३२८पी हे तिचं नाव. आपण लिहिलेला प्रोग्राम तीच चालवते, दिवे तीच लावते, सेन्सरही तीच वाचते. त्यामुळे बोर्डावर विचार करणारी वस्तू एवढी एकच, असं आपण धरून चालतो. पण यूएसबीच्या चंदेरी तोंडाशेजारी नखाएवढी एक चौकोनी चिप बसवलेली असते, ॲटमेगा १६यू२. तीसुद्धा स्वतःचा प्रोग्राम असलेली पुरती मायक्रोकंट्रोलर आहे. तिला काम एकच. कॉम्प्युटरकडून यूएसबीवर जे येईल ते मोठ्या चिपला कळेल अशा जुन्या, साध्या पद्धतीने पुढे सरकवायचं आणि मोठी चिप जे बोलेल ते यूएसबीवर चढवायचं. या दोन चिपांमध्ये डेटासाठी तांब्याच्या दोनच वाटा आहेत, एक जायची आणि एक यायची. बोर्डावर टीएक्स आणि आरएक्स अशी नावं लिहिलेले दिवे लुकलुकतात, ते याच रहदारीचे.

या दोन वाटांवर जे चालतं ते सिरियल कम्युनिकेशन. एका वेळी एक बिट, एकामागून एक. वर्णन इतकं सोपं आहे की पुस्तकं ते अर्ध्या पानात उरकतात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. प्रत्यक्षात नवशिक्यांचे प्रकल्प सर्वांत जास्त वेळा अडतात ते इथेच. स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात, पहिलाच निरोप गायब होतो, नाहीतर काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा वायर धडधाकट असते. बिघडलेला असतो तो दोन टोकांनी आधीच मान्य केलेला, पण वायरवर कुठेही न लिहिलेला करार.

त्या करारातलं पहिलं कलम वेळेचं. लेझीम खेळताना हलगी वाजत असते तोवर कुणाचं पाऊल चुकत नाही, कारण ठेका सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळतो. मायक्रोकंट्रोलरच्या जगातल्या आय-टू-सी आणि एसपीआय या पद्धतींत अशी हलगी असते. डेटाच्या वायरीशेजारी क्लॉकची एक वेगळी वायर धावते आणि तिच्या प्रत्येक ठोक्यावर एक बिट वाचायचा असतो. आपल्या सिरियल पद्धतीत हलगी नाही. एक शिट्टी वाजते आणि तिथून पुढे ज्याने त्याने मनातल्या मनात ठेका मोजायचा. दोघांचा ठेका फार वेळ जुळून राहील असा भरवसा कुणीच देत नाही, म्हणून तो फक्त दहा बिटांपुरता ठेवला जातो. दहा बिट झाले की पुन्हा नवी शिट्टी.

'ए' हे इंग्रजी अक्षर पाठवून पाहू. त्याचा आस्की क्रमांक ६५, द्विमान पद्धतीत ०१०००००१. कुणी बोलत नसतं तेव्हा वायर वरच्या पातळीवर, म्हणजे १ वर असते. पाठवणारा ती एका बिटाच्या वेळेपुरती ० वर ओढतो. हा स्टार्ट बिट, आपली शिट्टी. मग आठ बिट येतात, तेही शेपटाकडून: आधी १, मग पाच शून्यं, मग १, मग ०. शेवटी वायर पुन्हा १ वर जाते, तो स्टॉप बिट. एकूण दहा. ९६०० बॉड या वेगाला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरं जातात. पॅरिटी नावाचा एक तपासणीचा बिट मध्ये घालता येतो; आज फारसा कुणी घालत नाही.

ऐकणाऱ्याची बाजू जास्त रंजक आहे. तो एका बिटाच्या वेळात सोळा वेळा वायरकडे पाहतो. वायर खाली पडलेली दिसली की अर्ध्या बिटाइतका थांबून पुन्हा पाहतो, खरंच स्टार्ट बिट आहे की विजेचा एखादा झटका. खात्री पटली की तिथून दर बिटाच्या मध्यावर एकेक वाचन. स्टॉप बिटाचा मध्य येतो तो स्टार्ट बिटाच्या सुरुवातीपासून साडेनऊ बिटांवर. तोवर दोन्ही घड्याळांतली तफावत साचत साचत अर्ध्या बिटापलीकडे गेली, तर तो शेजारचाच बिट वाचतो आणि गोंधळ होतो. साडेनवात अर्धा म्हणजे साधारण पाच टक्के. ही झाली दोघांची मिळून कागदावरची मर्यादा. व्यवहारात प्रत्येकाने दोन टक्क्यांच्या आत राहावं असा संकेत आहे. भिंतीवरचं घड्याळ दोन टक्क्यांनी चुकलं तर दिवसाला अर्ध्या तासाची चूक होईल आणि आपण ते फेकून देऊ. इथे तेवढं चालून जातं, कारण दर दहा बिटांनी सगळा हिशोब नव्याने सुरू होतो.

ही युक्ती इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीची आहे. एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याने १८७४ साली पाच-पाच संकेतांची एक तारयंत्रणा पेटंट केली. बॉड हे एकक त्याच्याच नावावरून आलं. त्याच्या यंत्रात दोन टोकांची फिरती चक्रं सतत एका ठेक्यात ठेवावी लागत आणि तारबाबूला पाच बटणं यंत्राच्या 'टिक्' आवाजाबरहुकूम दाबावी लागत. माणसानं यंत्राच्या ठेक्यात बसायचं, असा उलटा न्याय. शिकागोतल्या क्रम पितापुत्रांनी १९१०च्या सुमारास हा न्याय सुलटा केला. त्यांना भांडवल पुरवणारा जॉय मॉर्टन हा मिठाचा व्यापारी होता, आणि कंपनीचं नाव दोघांच्या आडनावांतून, मॉर्क्रम. मुलगा हॉवर्ड क्रम याने प्रत्येक अक्षराच्या आधी 'सुरू' आणि शेवटी 'थांब' असे संकेत घातले. 'सुरू' आला की ऐकणाऱ्या यंत्राचा दांडा एक फेरी मारायचा आणि 'थांब' आला की खरोखर थांबायचा, पुढच्या अक्षराची वाट पाहत. टेलिटाइप कंपनीच्या १९६३ सालच्या मॉडेल ३३ला तर या थांबण्यासाठी दोन बिटांचा वेळ लागे. म्हणून ११० बॉडला अकरा बिटांचं अक्षर, सेकंदाला दहा अक्षरं. मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत कागदाच्या भेंडोळ्यांवर बातम्या टंकणारे टेलिप्रिंटर याच कुळातले. निवांत वायर १ वर असण्याची रीतही तारखात्याकडूनच आली. गप्प असतानाही तारेतून प्रवाह चालू ठेवला, की तार तुटली तर लगेच कळतं.

आर्डुइनोचा जन्मही काहीसा याच शेजारातला. २००५ साली तो आकाराला आला इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका डिझाइन संस्थेत, आणि इव्रेआ म्हणजे टाइपरायटर आणि टेलिप्रिंटर बनवणाऱ्या ओलिव्हेत्ती कंपनीचं गाव. मासिमो बान्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पहिल्या बोर्डावर यूएसबी नव्हतं. नऊ पिनांचा जुना सिरियल कनेक्टर होता.

तो कनेक्टर म्हणजे आरएस-२३२. अमेरिकेतलं हे मानक १९६० सालचं. टर्मिनल आणि मोडेम जोडणं एवढाच त्याचा हेतू होता. त्यात १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. आपल्या चिपला मात्र ० म्हणजे शून्य व्होल्ट आणि १ म्हणजे पाच व्होल्ट एवढंच ठाऊक. दोघांना थेट जोडलं तर बिट उलटे होतील आणि चिप जळेल ती वेगळीच. मॅक्सिम कंपनीने १९८७ साली मॅक्स२३२ आणली. चार छोट्या कपॅसिटरांच्या मदतीने ती पाच व्होल्टांतून अधिक-उणे दहा व्होल्ट उभे करायची. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांतल्या एका अख्ख्या पिढीच्या प्रोजेक्ट बोर्डावर ही सोळा पायांची चिप, शेजारी तिचे कपॅसिटर आणि तिच्या वर ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर असा संसार मांडलेला असायचा.

त्याच बोर्डावर चिपला ठेका देणारं ११.०५९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असायचं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला हा आकडा पूर्ण सांगावाही लागत नसे. 'अकरा पॉइंट शून्य' एवढ्यावर पुडी पुढे यायची. सरळ बारा का नाही, हा प्रश्न व्हायव्हात हमखास विचारला जाई आणि उत्तर बहुधा पाठ केलेलं असे. गणित करून पाहिलं तर त्या आकड्यातली अक्कल दिसते. ८०५१ आपल्या क्रिस्टलला आधी १२ने भागते, सिरियलसाठी आणखी ३२ने. ११.०५९२ मेगाहर्ट्झचे राहतात २८,८००. त्याला ३ने भागलं की बरोबर ९६००. टायमर वर मोजत जातो, म्हणून २५६ वजा ३ म्हणजे २५३, आणि तेच सोळामान पद्धतीत एफडी, जे टीएच-१ रजिस्टरमध्ये भरताना हजारो विद्यार्थ्यांनी कारण न विचारता लिहिलं. आता बारा मेगाहर्ट्झ घ्या. उरतात ३१,२५०. त्याला ३ने भागलं तर १०,४१७, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक. साडेनऊ बिटांत ती पाऊण बिटापलीकडे जाते आणि अक्षर मोडतं. मूळ आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डावरचं क्रिस्टल १.८४३२ मेगाहर्ट्झचं होतं. सोळाने भागा, १,१५,२००. ११.०५९२ हा त्याच १,१५,२००चा ९६ पट. विचित्र दिसणारे हे सगळे आकडे एकाच घरातले आहेत. सिरियलची सोय झाली खरी, पण ८०५१चं एक मशीन सायकल बारा मेगाहर्ट्झला नेमका एक मायक्रोसेकंद घ्यायचं ते १.०८५ घेऊ लागलं, आणि घड्याळाचा प्रोजेक्ट करणाऱ्याला बेरजांत डोकं घालावं लागलं.

ऊनोवर सोळा मेगाहर्ट्झ आहेत आणि तिथे सिरियलची सोय पाहिलेली नाही. ९६०० ठीक जमतं. प्रत्यक्षात ९,६१५ निघतात, चूक ०.१६ टक्के. पण १,१५,२०० या लाडक्या वेगाला घोडं पेंड खातं. चिपच्या साध्या रीतीने सोळा मेगाहर्ट्झला सोळाने भागून दहा लाख, आणि त्यातून १,१५,२०० काढायला भागाकार हवा ८.६८. चिपला पूर्णांकच कळतो. ९ घेतले तर १,११,१११, साडेतीन टक्के मंद. दुप्पट वेगाची दुसरी रीत आहे तिच्यात १७.३६ऐवजी १७ घ्यावे लागतात आणि १,१७,६४७ मिळतात, २.१ टक्के जलद. आर्डुइनोची लायब्ररी ही दुसरी रीत वापरते. म्हणजे प्रोग्राममध्ये आपण १,१५,२०० लिहितो आणि वायरवर १,१७,६४७ धावतात. तरी सगळं सुरळीत चालतं, कारण समोरची छोटी १६यू२देखील सोळा मेगाहर्ट्झवरच आहे आणि तीही तेवढीच, त्याच दिशेने चुकते. चूकभूल द्यावी घ्यावी, असा हा व्यवहार आहे.

याच व्यवहारातून लायब्ररीत एक मजेशीर अपवाद शिरला. ५७,६०० या वेगाला दुप्पट रीतीने ५७,१४३ मिळतात, फक्त ०.८ टक्के चूक. साध्या रीतीने ५८,८२४, चूक २.१. अर्थात दुप्पट रीत बरी. पण जुन्या बोर्डांचे बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारे छोटे प्रोग्राम, आणि यूएसबीच्या बाजूच्या छोट्या चिपचा प्रोग्राम जास्त चुकणारी रीत वापरत होते. तेव्हा ५७,६०० आले की मुद्दाम जास्त चुकायचं, अशी ओळ लायब्ररीच्या लेखकांनी लिहून ठेवली. मला ती ओळ फार आवडते. दुसरं टोक कुठे उभं आहे हे पाहून त्यांनी आपली जागा ठरवली. थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांचा मार्लिन हा प्रोग्राम मूळ बैठकीतच २,५०,००० बॉड धरतो. आकडा कुठल्याच जुन्या यादीत बसत नाही, पण सोळा मेगाहर्ट्झला निःशेष भागतो.

आता सुरुवातीच्या दोन चिपांकडे पुन्हा पाहिलं तर एक गंमत लक्षात येईल. ऊनोवर ठळक दिसणारं चंदेरी, १६.००० असा शिक्का मारलेलं क्रिस्टल छोट्या चिपचं आहे. मोठीला साधा सिरॅमिक रेझोनेटर दिलेला असतो. यूएसबीला घड्याळ पाव टक्क्याच्या आत लागतं, सिरियलला दोन टक्के चालतात. त्यानुसार वाटणी झाली.

क्रिस्टलच्या हिशोबाचं सर्वांत बोलकं उदाहरण ईएसपी८२६६चं. वायफायची ही स्वस्त चिप असलेला बोर्ड चालू केला की क्षणभर अगम्य चिन्हं उमटतात आणि मग व्यवस्थित मजकूर येतो. अनेकांना वाटतं बोर्ड खराब आहे. कॉम्प्युटरवर बोर्डाचे निरोप दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरचा वेग ७४,८८० करून पाहा, ती चिन्हं स्वच्छ इंग्रजी वाक्यं होतात. चिपच्या पोटात कायमचा कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचं आहे असं समजून १,१५,२००चा हिशोब करतो, आणि बोर्डावर असतं २६चं. १,१५,२०० गुणिले २६ भागिले ४० करा. थोड्याच वेळात आपला प्रोग्राम चालू होतो, त्याला खरं क्रिस्टल ठाऊक असतं.

म्हणून मी म्हणतो, कचरा दिसला की वायर उपसण्याआधी कचरा वाचावा. पाठवलेल्या अक्षरांपेक्षा कमी चिन्हं उमटत असतील तर ऐकणारा मंद आहे. जास्त उमटत असतील तर तो घाईत आहे. १,१५,२००ला दहा बिटांचं अख्खं अक्षर ८७ मायक्रोसेकंदांत निघून जातं, आणि ९६००वर बसलेल्याचा एक बिटही तेवढ्यात संपत नाही. उलट ९६००चा एक स्टार्ट बिट १,१५,२००वाल्याला बारा बिटांइतका लांब वाटतो, आणि तो शून्यांवर शून्यं नोंदवत सुटतो. काहीच येत नसेल तर बोलणाऱ्याची वायर बोलणाऱ्यालाच जोडलेली असते: एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जायला हवा. किंवा दोन बोर्डांचे ग्राउंड जोडायचे राहिलेले असतात. मग पाच व्होल्ट म्हणजे कशापासून पाच, हेच ठरत नाही. रास्पबेरी पाय किंवा ईएसपीची पिन ३.३ व्होल्टांची, ऊनोची पाचाची. ऊनोकडून त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरीवर दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं, एवढं सांगून पुढे जातो.

कॉम्प्युटरच्या बाजूला वेगळाच पसारा आहे. यूएसबी १९९६ला आलं, पाठोपाठ लॅपटॉपवरून नऊ पिनांचं तोंड नाहीसं झालं आणि मध्ये रूपांतर करणाऱ्या चिपांचा धंदा उभा राहिला. ऊनोच्या आधीच्या आर्डुइनो बोर्डांवर ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची चिप असे. तिच्या इतक्या हुबेहूब नकला बाजारात आल्या की ऑक्टोबर २०१४मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करू लागला. चिप मेली नाही, पण कॉम्प्युटर तिला ओळखेना. ज्यांना आपल्या यंत्रातली चिप नकली आहे हे माहीतही नव्हतं, त्यांची यंत्रं मुकी झाली. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६मध्ये दुसरी तऱ्हा आली: ड्रायव्हर नकली चिप ओळखून डेटाच्या जागी 'अस्सल नसलेलं उपकरण सापडलं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पाठवू लागला. बोर्डाने कधीही न उच्चारलेलं वाक्य बोर्डाच्या नावावर. नकलेचा राग समजू शकतो. पण मोजमापाच्या प्रवाहात आपलं भांडण मिसळणं मला क्षम्य वाटत नाही. आज लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणाऱ्या स्वस्त नॅनो आणि ऊनोंवर बहुधा नानजिंगची सीएच३४० असते. ती नक्कल नाही, तिचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, आणि 'पोर्टच दिसत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा तो ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो. नाहीतर केबल नुसती चार्जिंगची असते.

पोर्ट दिसला, पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या, पोर्ट उघडून बोर्डाला हुकूम पाठवला, आणि बोर्ड ढिम्म. तोच हुकूम सिरियल मॉनिटरमधून हाताने टाइप केला तर चालतो. याचं कारण २००७च्या दिएचीमिला बोर्डापासूनची एक सोय आहे. त्याआधी नवा प्रोग्राम चढवताना रिसेटचं बटण बोटाने नेमक्या क्षणी दाबावं लागे. आरएस-२३२त डीटीआर नावाची एक वायर होती, 'टर्मिनल तयार आहे' असं मोडेमला सांगणारी. यूएसबीच्या चिपांनीही ती जपली. आर्डुइनोवाल्यांनी ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट रिसेटच्या पायाला जोडली. कॉम्प्युटरने पोर्ट उघडला की डीटीआर बदलते, बोर्ड रिसेट होतो, बूटलोडर साधारण सेकंदभर 'नवा प्रोग्राम येतोय का' म्हणून थांबतो आणि मगच आपला प्रोग्राम सुरू होतो. पायथॉनचा हुकूम त्या सेकंदात येऊन वाया गेलेला असतो. हाताने टाइप करणाऱ्याला मॉनिटर उघडून बोटं कीबोर्डवर नेईतो तेवढा वेळ सहज जातो. पुष्कळ जण दोन सेकंद थांबण्याची ओळ घालतात. त्याहून शहाणपणाचं म्हणजे बोर्डाने उठल्यावर 'तयार' असा शब्द पाठवावा आणि पायथॉनने तो वाचल्याशिवाय तोंड उघडू नये. पाणी मोजणारा बोर्ड रात्रभर चालू ठेवून सकाळी मॉनिटर उघडला आणि आकडा शून्यावर आला, तर त्यामागेही हेच. रिसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ही सवय मोडते. प्रोग्राम चढवताना मात्र तो काढायला हवा.

बोर्ड जागा असला तरी त्याची झोळी लहान आहे. आलेली अक्षरं ठेवायला ऊनोच्या लायब्ररीत ६४ बाइटांची जागा आहे आणि तिच्यातले ६३च वापरता येतात. १,१५,२००ला ती साडेपाच मिलिसेकंदांत भरते. प्रोग्राम एक सेकंद डिले देऊन बसला असेल तर जुनी अक्षरं तशीच राहतात आणि नव्याने येणारी टाकून दिली जातात, तीही बिनबोभाट. पाठवणाऱ्याला पत्ता नसतो, कारण या करारात पोच देण्याचं कलमच नाही. ती हवी असेल तर आपणच लिहायची: प्रत्येक निरोपाला शेवट ठरवा, बेरीज जोडा, उत्तराची वाट पाहा.

निरोपाचा शेवट म्हटलं की टेलिटाइप पुन्हा डोकं वर काढतो. प्रिंटलाइनचा हुकूम दिला की आर्डुइनो ओळीच्या शेवटी दोन बाइट पाठवतो, १३ आणि १०. पहिल्याने टेलिटाइपचं टंकणारं डोकं डावीकडे परत जायचं, दुसऱ्याने कागद एक ओळ सरकायचा. डोक्याला उजव्या टोकाहून परतायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागे; म्हणून त्याला आधी पिटाळायचं आणि तेवढ्यात कागद सरकवायचा. आता ना डोकं उरलं ना कागद. पण सिरियल मॉनिटरमधून 'ऑन' असा शब्द पाठवला आणि मेनूत दोन्ही चिन्हं निवडलेली असली, तर बोर्डाला मिळतो 'ऑन' आणि त्याच्या शेपटाला न दिसणारे दोन बाइट. तुलना फसते आणि दिवा लागत नाही. डोळ्यांनी पाहिलं तर शब्द अगदी बरोबर. अशा वेळी शब्द छापण्याऐवजी प्रत्येक बाइटचा आकडा छापावा.

आकडे छापायची सवय मराठी पाठवताना विशेष उपयोगी पडते. आर्डुइनोचा प्रोग्राम यूटीएफ-८मध्ये साठवला जातो, त्यामुळे त्यात सरळ 'नमस्कार' लिहून मॉनिटरवर छापता येतं. वायरवर जातात मात्र सात चिन्हं: न, म, स, हलन्त, क, काना, र. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, एकूण २१ बाइट. ९६००ला जवळपास २२ मिलिसेकंद. झोळीत ६३ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची एकवीस चिन्हं, आणि जोडाक्षरं धरली तर वाक्यही पुरतं बसत नाही. त्यात एखादा बाइट हरवला तर अर्धं अक्षर उरत नाही. त्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. समोरचा प्रोग्राम जुन्या पश्चिम युरोपीय वर्णमालेत वाचत असेल तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' रांगेने उभा राहतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि त्या वर्णमालेत २२४ म्हणजे तो 'ए'. अशी रांग दिसली तर बॉड रेटला हात लावू नये. बिट अचूक पोचलेत. लिपीचा करार तेवढा राहिलाय.

अलीकडच्या अनेक बोर्डांवर मधली चिपच नाही. २०१२चा लिओनार्डो, २०२१चा रास्पबेरी पाय पिको यांच्या मुख्य चिपला यूएसबी स्वतःच बोलता येतं. तिथे वायरवर स्टार्ट बिट नाही, स्टॉप बिट नाही, आणि सिरियल मॉनिटरमध्ये ९६०० निवडा की १,१५,२००, डेटा यूएसबीच्याच वेगाने जातो. आकडा मात्र अजून विचारला जातो, कारण कॉम्प्युटर या बोर्डाला अजूनही सिरियल पोर्टच समजतो आणि पोर्ट उघडताना वेग कळवतो. रिकाम्या पडलेल्या त्या आकड्याला आर्डुइनोवाल्यांनी दुसरं काम लावलं. पोर्ट १२०० बॉडला उघडून बंद केला की लिओनार्डो चालू प्रोग्राम सोडून बूटलोडरमध्ये जातो आणि नवा प्रोग्राम घ्यायला तयार होतो. पिकोसाठीही हीच रीत उचलली गेली. तेव्हा जुन्या यंत्रासाठी लिहिलेला, १२०० बॉडवर चालणारा एखादा डेटा नोंदवणारा प्रोग्राम यांतल्या बोर्डाला जोडलात आणि बोर्ड पोर्टांच्या यादीतून अचानक नाहीसा झाला, तर केबल बदलू नका. प्रोग्राममधला तो आकडा बदला.